काकू बोलत राहते

यंत्राचं सरकारी नाव होतं ‘पूरक’. पण सरकारी नावाची वस्तू जवानाला कधी आपली वाटत नाही, म्हणून सिग्नल कंपनीत सगळे तिला ‘काकू’ म्हणत. प्रत्येकाच्या नात्यात अशी एक काकू असतेच, जी समोरच्याचं वाक्य अर्ध्यात आलं की उरलेलं स्वतःच म्हणून टाकते आणि वर विचारते, “हेच म्हणणार होतास ना?” वाईट एवढंच, की बहुतेक वेळा तिचं बरोबर असतं.

या काकूचा कारभार हवालदार सर्जेराव फडतरेकडे होता. खटाव तालुक्यातला गडी, एकवीस वर्षांची नोकरी, मिशी अजून काळी. माणसं तोलण्यात पटाईत. कोण सुट्टीचा अर्ज कोणत्या आजीच्या नावावर टाकतो, कोण रागावल्यावर जास्त अदबीनं बोलतो, हे सगळं त्याच्या डोक्यात टिपलेलं असे. काकू आली तेव्हा तो मेजरसाहेबांना म्हणाला होता, “मॅडम, हे यंत्र करतंय ते मी फुकटात करत आलोय.”

माणसाचा आवाज हवेतून पाठवायचा तर तो आधी आकड्यांत मोडावा लागतो. त्या आकड्यांच्या कणाला बिट म्हणतात. एका सेकंदाच्या बोलण्याला, कितीही हात आखडला तरी, दोनेक हजार बिट हवेत. कंपनी तैनात होती त्या तिथांगच्या खोऱ्यात दोन्ही अंगांना उभे कडे, मधे नदी, वर आभाळाची एक पट्टी. तिथे चांगल्या दिवशी सेकंदाला तीनशे बिट जात, वाईट दिवशी चाळीस. घागरभर पाणी सुईच्या नेढ्यातून न्यायचं म्हणा ना. पूरक बनवणाऱ्यांच्या ध्यानात आलं, की बहुतेक पाणी न्यायची गरजच नसते. माणूस बोलतो त्यात नवं फार थोडं असतं. म्हणून प्रत्येक टोकाच्या यंत्रात त्यांनी प्रत्येक जवानाच्या बोलण्याचा ठसा साठवला. वरच्या चौकीतला हणमंत “सकाळचा चहा” एवढं म्हणाला, की पुढे “झाला” येणार हे खालच्या यंत्राला आधीच ठाऊक. तो शब्द पाठवायचाच नाही, खाली त्याच्याच आवाजात बनवायचा. हवेतून जायचं ते फक्त अनपेक्षित. “चहात मीठ पडलं” असं तो म्हणाला, तर तेवढं मीठ खाली यायचं.

थोडक्यात, नेहमीचं बोलणं फुकट, वेगळं बोलणं महाग.

आता हा ठसा घ्यायचा कुठून? जवानांच्या दोन वर्षांच्या बोलण्यातून. शांततेच्या काळात सिग्नल कंपनी काय बोलते? दर तासाला प्रत्येक चौकी सांगते, “सर्व ठीक.” सरावात कागदावरच्या शत्रूची कागदावरची तोफ उडवली जाते. मास्ट, म्हणजे ॲन्टेनाचे उंच खांब, उभारतात, उतरवतात, पुन्हा उभारतात. आणि दर गुरुवारी घरचे फोन असतात. फौजी माणूस घरी बोलताना जितकं खोटं बोलतो, तितकं पुढारीही बोलत नसेल. उणे अठरात बोटं सुजलेली असताना “थंडी नाही काही.” डबाबंद राजमा खाऊन “जेवण एक नंबर.” काकूनं हे सगळं मन लावून ऐकलं आणि शिकून घेतलं.

यंत्रावर एक पिवळा दिवा होता. कानावर पडणाऱ्या बोलण्यातलं निम्म्याहून जास्त यंत्रानं बनवलेलं असलं की तो लागायचा. घरच्या फोनावरही तो दिसे, बायकांच्या मोबाइलच्या पडद्यावर. पहिल्याच महिन्यात कंपनीत बोंब झाली. कुणाच्या बायकोनं विचारलं, “मघाशी ‘तुझी आठवण येते’ म्हणालास तेव्हा दिवा पिवळा होता. ते तू म्हणालास का यंत्र म्हणालं?” तीन संसारांत अबोला झाला. सर्जेरावानं यंत्राच्या पोटात शिरून दिवा बंद केला. घरच्या फोनापुरताच करायचा होता, पण कळ एकच होती. दोन वर्षं झाली, काही बिघडलं नाही. रोज सकाळी तपासणीच्या वहीत ‘पिवळा दिवा’ हा रकाना येई. त्यापुढे तो लिही, ‘तपासला’, आणि सही करी. बंद दिवा बंदच आहे ना, एवढं तर तो रोज तपासतच होता.

*

त्या गुरुवारी दुपारी एक वाजता जिल्ह्याकडून निरोप आला. डोंगरावरचं हिमसरोवर फुगलंय, बांध कधीही फुटेल, फौजेनं मदत करावी.

सराव आणि खरी वेळ यांत फरक एवढाच, की खऱ्या वेळेला कुणी विनोद करत नाही. दहा मिनिटांत सिग्नल सेंटर भरलं. मेजर रेवती सबनीस टेबलावर नकाशा पसरून उभ्या होत्या. बाई पुण्याच्या, बुटक्या, कमी बोलणाऱ्या. रागावल्या की चष्मा पुसत.

“छावणीत रस्त्याच्या कामावरचे एकशे त्रेसष्ट लोक आहेत, बायकामुलांसकट,” त्या म्हणाल्या. “खालचा रस्ता दरडीनं आधीच बंद झालाय. नदीकाठानं नऊ किलोमीटर वर जायचं, वरचा पूल ओलांडायचा, की पलीकडे उंचावर शाळा आहे. चार ट्रक सोडायचे. फडतरे, पुलाची खबर घ्या.”

पुलाच्या तोंडाशीच वरची चौकी होती. पाच माणसं, आणि वायरलेस सेटवर लान्स नाईक हणमंत येवले. हा हणमंत सर्जेरावाचा सख्खा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. सर्जेरावानंच त्याला भरतीला नेलं होतं, सिग्नलमध्ये घालून घेतलं होतं. सासूबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, “तुमच्या नजरंखाली हाय म्हणून मी झोपतीय, जावईबापू.”

सर्जेरावानं कळ दाबली. “वरची चौकी, पुलाची खबर सांग.”

“दाजी, पूल एकदम ठीक,” हणमंताचा आवाज खणखणीत आला. सेटवर दाजी म्हणू नको म्हणून त्याला तीनदा शिक्षा झाली होती, पण जीभ ऐकत नव्हती. “पाणी नेहमीचंच. रस्ता मोकळा.”

“ठीक. सेट सोडू नकोस.”

हे सर्जेरावाचं शेपूट. प्रत्येक बोलणं तो असंच संपवी. सिग्नलच्या माणसानं जीव सोडावा, सेट सोडू नये, असं त्याला त्याच्या उस्तादानं शिकवलं होतं आणि त्यानं पुढच्या चाळीस जणांना.

सव्वादोनला ट्रक लोकांना घेऊन सुटले. तेवढ्यात सर्जेरावाच्या मोबाइलवर शालनचा, त्याच्या बायकोचा, निरोप वाजला. गावाकडून बोलत होती. “अहो, आत्ता दीडला हणम्याशी बोलले. बारा मिनिटं. खुशीत होता. सुट्टीत पोरगी बघायला तयार झालाय एकदाचा. तुम्ही जेवलात का?”

सर्जेराव हसला. पोरगी बघायला तयार आहे, असं हणमंत प्रत्येक सुट्टीच्या आधी सांगे.

*

दोन वीसला पुढच्या ट्रकचा ड्रायव्हर इंगवले सेटवर आला. तो अजून फाट्यावरच होता, सिग्नल सेंटरच्या नजरेच्या टप्प्यात, म्हणून त्याचे शब्द धडधाकट आले.

“उस्ताद, गंमत बघा. नदी आटलीय.”

“म्हणजे?”

“पात्रात दगड दिसायला लागलेत. गुडघाभर पाणी उरलंय. धोका टळला म्हणायचा की काय?”

फुगलेली नदी एकदम आटते, ती वर कुठेतरी अडली म्हणून. दरडीनं पात्र बुजलंय, मागे पाणी चढतंय, आणि तो ढिगारा किती वेळ धरेल ते कुणाच्या हातात नाही. हे खोऱ्यातल्या शेळीलासुद्धा कळतं. मग पुलावर बसलेल्या हणमंताला पाणी नेहमीचंच कसं दिसतं?

सर्जेरावानं पुन्हा कळ दाबली. “हणमंत, पाण्याची पातळी?”

“नेहमीचीच, दाजी.”

“तुला सर्दी होती ना? सकाळी शिंकत होतास.”

“बरी झाली दाजी. थंडी नाही काही.”

आवाज त्याचाच होता. शेवटचं अक्षर किंचित लांबवायची लकबही त्याचीच. हणमंत चाळीस पावलांवर उभा असता तरी इतका स्वच्छ ऐकू आला नसता. आणि नेमक्या त्या स्वच्छपणाची सर्जेरावाला भीती वाटली. इतक्या वाईट हवेत, दरडीच्या दिवशी, आवाजावर एक ओरखडा नाही?

त्यानं भांडाराची वही ओढली. चौकीला दिलेल्या प्रत्येक बॅटरीचा क्रमांक तीत होता.

“हणमंत, सेटच्या बॅटरीवरचा क्रमांक वाच.”

“लिहून घ्या दाजी,” आवाज म्हणाला. “सात, चार, चार, नऊ, शून्य, दोन.”

क्षणाचाही विलंब नाही. उठण्याचा, वाकण्याचा, बॅटरी उलटी करण्याचा आवाज नाही. सर्जेरावानं बोट फिरवत वही पाहिली. वरच्या चौकीला सहा बॅटऱ्या होत्या. सगळ्यांचे क्रमांक सात-चारनं सुरू होत होते. त्यांत हा क्रमांक नव्हता. कंपनीच्या कोणत्याच बॅटरीवर तो नव्हता.

“पुन्हा वाच.”

“सात, चार, सहा, एक, एक, आठ,” हणमंत म्हणाला, तितक्याच आनंदानं.

सर्जेरावानं वही बाजूला सारली. त्यानं यंत्राच्या आतलं पान उघडलं, जे दोन वर्षांत कुणी उघडलं नव्हतं. खऱ्या आलेल्या बिटांचा आलेख होता तिथे. सकाळी अकरा वीसपर्यंत रेघ डोंगरासारखी वरखाली होत होती. अकरा वीसला ती कड्यावरून पडावी तशी पडली होती आणि तेव्हापासून तळाला चिकटून सरपटत होती. सेकंदाला दोन बिट, कधी एक. मास्ट कोसळला असावा. चौकीची रिकामी रेडिओलहर तेवढी जिवंत होती, आणि लहर जिवंत असली की काकू बोलत राहते.

अकरा वीसपासून वरची चौकी बोलतच नव्हती. बोलत होती ती काकू. हणमंत काय म्हणाला असता, ते.

“मॅडम,” सर्जेराव म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही. “पुलाची खबर खोटी आहे. अकरा वीसपासूनच्या सगळ्या खबरी खोट्या आहेत.”

सबनीसांनी आलेख पाहिला. चष्मा काढला, पण पुसला नाही. “पिवळा दिवा?”

“बंद आहे. मीच केलाय. दोन वर्षांपूर्वी.”

“वहीत रोज तुमची सही आहे.”

“होय मॅडम.”

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. “ते नंतर. ट्रक थांबवा.”

सर्जेरावानं सेट उचलला. “इंगवले, थांब. पुढे जाऊ नकोस. ट्रक वळव. ऐकतोयस?”

“बरं उस्ताद,” इंगवलेचा आवाज आला. “जसं तुम्ही म्हणाल तसं.”

सेंटरमधल्या सगळ्यांनी श्वास सोडला. सर्जेरावानं सोडला नाही. तो आलेखाकडे बघत होता. ट्रकांची रेघही खाली येत होती. ते वळणाआड, कड्यांच्या आत शिरले होते. सेकंदाला सहा बिट. इंगवले नेहमी काय म्हणतो? “बरं उस्ताद” म्हणतो. आणि सर्जेराव नेहमी काय म्हणतो? दोन वर्षांत त्यानं कुठल्या ट्रकला कधी “वळव” म्हटलं होतं? एकदाही नाही.

“मॅडम, हे त्याला पोचलंय की नाही, मला सांगता येत नाही,” तो म्हणाला. “त्याचं उत्तर आलंय की नाही, तेही नाही. मी डीआर म्हणून जातो.”

डीआर म्हणजे निरोप घेऊन मोटरसायकलवरून जाणारा जवान. सिग्नलमध्ये तो हुद्दा फार जुना. आता वर्षातून एकदा, कंपनीच्या वाढदिवसाला, संचलनात तेवढा दिसे. सबनीसांनी पॅडवर दोन ओळी लिहिल्या, सही केली, वेळ घातली आणि कागद फाडून त्याच्या हातात दिला.

*

रस्ता कसला, नदीच्या कडेनं कोरलेली एक पायरी. डावीकडे कडा, उजवीकडे खाली ते आटलेलं पात्र. ओले दगड, चिखलात तडफडणारे मासे, आणि नदीच्या आवाजाची सवय झालेल्या कानांना न सोसणारी शांतता. गाडीच्या इंजिनाचा आवाज कड्यावर आपटून परत येत होता, जणू मागून आणखी कुणी येतंय. सर्जेराव एकवीस वर्षांत सीमेवर दोनदा गोळीबारात सापडला होता. तेव्हा तो घाबरला होता, पण तेव्हा भीती समोरून आली होती. ही भीती वरून येणार होती, वळणामागून, आणि कधी ते सांगणारा एकही माणूस वर उरला आहे की नाही हे त्याला ठाऊक नव्हतं. तो तोंडानं काहीतरी पुटपुटत होता. देवाचं नाव असावं म्हणून त्यानं लक्ष दिलं, तर तो आकडे म्हणत होता. सात, चार, चार, नऊ.

पुलाच्या अलीकडे दीड किलोमीटरवर त्याला शेवटचा ट्रक दिसला. चारही ट्रक उभे होते. रस्त्यावरचा दगड बाजूला करायला लोक उतरले होते. दगड नसता तर ते पुलावर असते.

“इंगवले!”

इंगवले केबिनमधून वाकला आणि हसला. “अरे, उस्ताद स्वतः! काय हो, काळजी वाटली?”

“तुला थांब म्हणालो होतो! वळव म्हणालो होतो!”

“कधी?” इंगवले गोंधळला. “तुम्ही तर म्हणालात, पूल ठीक आहे, चालू ठेव. दोनदा म्हणालात.”

“मी तसं म्हणालो नाही.”

“उस्ताद, मी तुमचा आवाज ओळखत नाही का?” त्याच्या सुरात थोडी शंका आली. ती यंत्राबद्दल नव्हती, समोरच्या धापा टाकणाऱ्या, डोळे तारवटलेल्या माणसाबद्दल होती. त्यानं सवयीनं सेटची कळ दाबली. “सेंटर, उस्ताद इथं आलेत, मागं फिरा म्हणतात. काय करू?”

केबिनमधल्या भोंग्यातून आवाज आला. जाडसर, थोडा खर्जातला, खटावच्या मातीचा.

“इंगवले, पूल ठीक आहे. रस्ता मोकळा. चालू ठेव. सेट सोडू नकोस.”

सर्जेराव तोंड मिटून उभा होता. इंगवले एकदा भोंग्याकडे, एकदा त्याच्या ओठांकडे बघत राहिला.

“उस्ताद,” तो कुजबुजला, “हे कोण बोलतंय?”

सर्जेरावाच्या डोक्यात एक भयंकर गोष्ट उजाडत होती. हणमंताच्या जागी काकू आपल्याशी बोलली, हे त्याला कळलं होतं. पण हवेतली तार दोन्हीकडून तुटली होती. मग वर, अकरा वीसपासून, हणमंताशी कोण बोलत होतं?

त्यानं हात घालून भोंग्याची वायर उपटली. खिशातला कागद इंगवलेच्या तोंडासमोर धरला. “ही मॅडमची सही. ट्रक राहू दे. माणसं उतरव, सगळी. या घळीतून वर चढव. सामान नको. पोरं आधी.”

कागदावरची शाई बघून इंगवलेच्या अंगात जीव आला. तो धावत सुटला. लोक आधी हलेनात. नदी तर आटली आहे, मग पळायचं कशाला, असं एक म्हातारा मुकादम हात वर करून विचारत राहिला. इंगवलेनं त्याला पाठीवर घेतलं आणि चालू लागला. मग सगळे निघाले. सर्जेराव दोन पोरं काखोटीला मारून चढत होता. घळ ओली होती, पाय सरकत होते, आणि प्रत्येक पावलाला वाटत होतं, पुरेसं उंच नाही, अजून पुरेसं उंच नाही.

तीनला पाच कमी असताना जमीन थरथरली. आवाज नंतर आला. वळणामागून आधी वारा आला, चिखलाचा वास घेऊन, आणि त्यामागून काळी भिंत. त्यात झाडं उभी होती. चारही ट्रक काडेपेट्यांसारखे उचलले गेले. मागून पुलाचा एक अख्खा लोखंडी कमानीचा तुकडा वाहत गेला.

एकशे त्रेसष्ट माणसं मोजली, दोनदा. सगळी होती.

सर्जेराव मात्र वळणाकडे बघत बसला होता.

*

वरच्या चौकीतली चार माणसं दुसऱ्या दिवशी हेलिकॉप्टरला कड्यावर जिवंत सापडली. हणमंत चौथ्या दिवशी सापडला, सात किलोमीटर खाली. सेटचा पट्टा अजून त्याच्या खांद्यावर होता.

सेटच्या आत, काळ्या डबीत, त्या टोकाचं सगळं बोलणं नोंदलेलं होतं. हणमंत खरं काय बोलला, आणि त्याला काय ऐकू आलं. चौकशीत ते कागदावर छापलं गेलं. डावीकडे एक, उजवीकडे एक. सर्जेरावानं ते कागद वाचले आणि नक्कल मागून घेतली.

महिन्यानं तो गावी आला. दुपारची वेळ होती. शालननं त्याला पाणी दिलं आणि समोर बसली. सासूबाई शेजारच्या गावी, बहिणीकडे होत्या. पोरगा पुरात गेला, एवढंच त्यांना सांगितलेलं होतं.

“मला एकच विचारायचंय,” शालन म्हणाली. “त्या दिवशी दीड वाजता मी बोलले. बारा मिनिटं. तो हणम्या होता, का तुमची ती काकू?”

सर्जेरावानं कागदांतलं एक पान काढलं. “हे बघ. हा जो आकडा आहे, तो यंत्रानं बनवलेल्या शब्दांत खोटे किती, त्याचा आहे. शून्य. तू जे ऐकलंस, ते अक्षर न् अक्षर तो स्वतः बोलला होता.”

“पण तार तुटली होती म्हणालात.”

“तुटली होतीच. पण तो तुझ्याशी नेहमीसारखंच बोलला, शालन. मजेत आहे, थंडी नाही, पोरगी बघतो. काकूला त्याचं एवढंच तर पाठ होतं. त्यात वेगळं काहीच नव्हतं, म्हणून काही हरवलंच नाही.”

शालननं पदर तोंडाशी धरला. बराच वेळ तिनं तो कागद मांडीवर ठेवला, त्यावरून बोटं फिरवली. मग तिचं बोट थांबलं.

“दीड वाजता वर काय चाललं होतं?”

“मास्ट पडला होता. पुलाचा पाया हलला होता. दरडीमागं पाणी चढायला लागलं होतं.”

“आणि मला म्हणतो, मजेत.” ती हसली की हुंदकली ते कळलं नाही. “मग मला का नाही सांगितलं त्यानं? मी तुम्हाला लगेच फोन केला असता.”

सर्जेरावानं मान खाली घातली. हा प्रश्न चौकशीत कुणी विचारला नव्हता.

“कारण त्याला वाटत होतं, मला कळलंय,” तो म्हणाला. “तो मला सगळं सांगत होता. अकरा पंचवीसला सांगितलं, दरड आली. बारा वाजता सांगितलं, पुलाला तडा गेला, ट्रक पाठवू नका. दर वेळी त्याला माझं उत्तर येत होतं.”

“तुमचं?”

“माझ्या आवाजात, सरावात म्हणायचो तेच. ‘समजलं. मदत निघालीय. घाबरू नकोस.’”

शालननं हात पुढे केला. त्यानं उरलेले कागद दिले. ती सातवी शिकलेली, वाचायला वेळ घेई. ओळीवर बोट ठेवून ती वाचत गेली. बाहेर कुणीतरी कोंबड्यांना हाकललं. दोन वाजून दहा मिनिटांच्या ओळीवर ती आली. तिथे डावीकडे होतं: दाजी, चौघं वर चढलेत, मला बोलावतायत, पाणी पायरीला लागलंय, मी जाऊ का? उजवीकडे तीन शब्द होते.

तिनं ते तीन शब्द दोनदा वाचले. त्याखाली दोन अकराची ओळ होती. बरं दाजी.

“हे तुम्ही बोलला नाहीत,” ती म्हणाली.

“नाही. मी तेव्हा ट्रकांचं बघत होतो.”

“यंत्र बोललं.”

“हो. चौकशीतही तसंच लिहिलंय. यंत्राचा दोष. दिव्याबद्दल मला ताकीद मिळाली, तेवढीच.”

शालननं मान वर केली. एकवीस वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याला जितकं ओळखलं होतं, तितकं कुठल्या यंत्रानं ओळखलं नसेल. ती त्याच्या डोळ्यांत बघत होती आणि त्याला नजर काढून घेता येत नव्हती.

“आणि तार धड असती तर?” तिनं विचारलं. “त्यानं खरोखर तुम्हाला विचारलं असतं, दाजी, जाऊ का? तर तुम्ही काय म्हणाला असतात?”

वर, त्या आटलेल्या नदीकाठी त्याला वाटली होती, तशीच भीती सर्जेरावाला पुन्हा वाटली. तो उत्तर शोधत नव्हता. उत्तर त्याला महिनाभर ठाऊक होतं.

“हेच,” तो म्हणाला. “हेच म्हणालो असतो.”

शालननं कागद नीट एकावर एक लावले, दुमडले आणि त्याच्या हातात दिले. डोळे पुसले. उठून दारामागची त्याची टोपी काढून आणली.

“आई मावशीकडं आहे,” ती म्हणाली. “चारची एसटी मिळेल. तिला यंत्राचं काही सांगू नका. हे आत्ता मला जे म्हणालात, ते सांगा. फोनवर नको. तिच्यासमोर बसून.”